धाकट्यांच्या मानेवरचे पांढरे केस

तुमच्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला झाली, तुम्ही तिथेच उभे होतात आणि तोंड उघडलं नाहीत, असं तुमच्या आयुष्यात कधी घडलंय का? लगेच 'नाही' म्हणू नका. मीही बरीच वर्षं 'नाही' म्हणत होते, तेही सभांमधून, टाळ्या घेत.

ती शिक्षा एका माणसाला आणि एका घोड्याला झाली. माणूस या फेब्रुवारीत गेला. घोडा बहुधा अजून जिवंत आहे.

त्या माणसाला आम्ही काका म्हणायचो. लंडनमधल्या इल्फर्डच्या मराठी मंडळात त्यांचं नाव 'घोडेवाले'. तो शब्द उच्चारताना डॉक्टर मंडळींच्या ओठांचा एक कोपरा किंचित खाली यायचा. माझे वडील त्याच डॉक्टर मंडळींपैकी. काका मिरजेच्या टांगेवाल्याचा मुलगा. इथे आल्यावर वीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात पोर्टर म्हणून ट्रॉल्या ढकलल्या आणि पन्नाशीला टेकल्यावर ती पक्की नोकरी सोडून ते शहराच्या कडेला एका इंग्रज मालकाच्या यार्डात बग्गी हाकायला गेले. कारण विचारलं तर म्हणायचे, "ट्रॉलीला कान नसतात."

मालकाने हॉलंडहून फ्रीझियन घोड्यांची जोडी आणली होती. ज्यांनी हे घोडे पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. नखशिखांत काळे, कपाळावर तिळाएवढंही पांढरं नाही. आयाळ छातीपर्यंत लोंबणारी, खुरांवर केसांची झालर, आणि चालताना गुडघे असे उचलतात की रस्ता त्यांच्या लायकीचा नसावा. ही जोडी काचेच्या शवबग्गीला जुंपली की ईस्ट लंडनमध्ये बसगाड्या थांबायच्या आणि म्हातारे फुटपाथवर टोप्या काढायचे. तीच जोडी पांढऱ्या बग्गीला जुंपली की वरात. आणि बग्गीच्या दोन्ही बाजूंना फलक लटकवले की बिस्किटांची नाहीतर गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात. मालकाचा धंदा या तिन्हींवर चालायचा.

कागदोपत्री घोड्यांची लांबलचक डच नावं होती. काकांनी ती गुंडाळून ठेवली आणि दोघांना थोरले आणि धाकटे म्हणायला सुरुवात केली, तेही अहो-जाहो करून. "अहो थोरले, पाय उचला." "धाकटे, तुम्ही आज पाणी कमी प्यालात." माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. एका डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात वरात हॉलपाशी पोचली, तेव्हा डॉक्टर दारातून ओरडले, "अरे, तो घोडा जरा पुढे घे की!"

काका गादीवरून खाली वाकून म्हणाले, "डॉक्टर, मला अरे म्हटलंस तर चालेल. ह्यांना अहो म्हण. गाडी हे ओढतात, मी नाही."

पाहुणे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवशी आत दोनशे पानं उठली आणि काकांचं जेवण कागदी प्लेटमध्ये झाकून कार पार्कमध्ये पाठवलं गेलं. मी संतापून ती प्लेट घेऊन आत जायला निघाले, तर काका म्हणाले, "जाऊ दे गं. घोडे जेवल्याशिवाय मी तसाही जेवत नाही. आत बसवलं असतं तर पंचाईतच झाली असती." आणि ते खरंच होतं. दोघांच्या तोबऱ्यात दाणा पडून तो संपेपर्यंत हा माणूस पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

त्यांचे असे बरेच नेम होते. अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी सगळा रस्ता पायी चालून यायचे. कुठे गटाराचं झाकण वाजतं, कुठे चढ आहे, कुठल्या घरातला कुत्रा अंगावर येतो, सगळं डोक्यात. एका दिवसात त्याच घोड्यांना अंत्ययात्रा आणि लग्न, दोन्ही करू द्यायचे नाहीत. मालक चिडून विचारायचा, "घोड्याला कुठे कळतं ते?" काका त्यांच्या इंग्रजीत सांगायचे, "हॉर्स नॉट नो. आय नो." कोटाच्या खिशात फडक्यात बांधलेली भाकरी असायची. पीठ इल्फर्ड लेनवरून आणायचे आणि भाकऱ्या स्वतः थापायचे. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मी त्यांना भेटले ती भांडायलाच. आमच्या घरी पत्रकं म्हणजे पोळीभाजीसारखी रोजची गोष्ट. आई गॅरेजमध्ये मशीनवर ती छापायची. वर्णद्वेषाविरुद्ध, खाणकामगारांच्या बाजूने, माणशी बसवलेल्या पोल टॅक्सच्या विरोधात. मराठी बाराखडीदेखील मी तिच्या पत्रकांवरूनच शिकले. एकवीस वर्षांची झाले तेव्हा मी स्वतः एक पत्रक लिहिलं, शहरात घोडे जुंपण्याच्या क्रूरतेबद्दल, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या बग्गीपाशी जाऊन ते काकांच्या हातात कोंबलं. त्यांनी ते हात लांब करून शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली.

"छान लिहिलंयस. पण ह्यात दातांचं काहीच नाही."

"कसले दात?"

"घोड्याचे. दात टोचायला लागले की लगाम म्हणजे छळ होतो. कधी बघितलेस?"

"नाही."

"मग शनिवारी ये. आधी बघ, मग छाप."

मी शनिवारी गेले. पुढची तीन वर्षं प्रत्येक शनिवारी जात राहिले. खरारा करायला शिकले, साज पुसायला शिकले, बग्गीवर काकांच्या शेजारी मोतद्दार म्हणून बसायला शिकले. पण ज्या कामासाठी काका सगळ्यांत जास्त वेळ द्यायचे ते मला तेव्हा नुसता त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचं. ते काम आयाळ सोडवण्याचं.

घोड्याच्या गळ्यात चामड्याची जाड कॉलर असते, गाडीचा सगळा ताण तिच्यावर येतो. ती उलटी धरून डोक्यावरून घालायची आणि घशाच्या बारीक जागेपाशी फिरवून सुलटी करायची. फिरवताना आयाळ तिच्याखाली सापडते. इतर घोड्यांची आयाळ आखूड असते, एकदा हात फिरवला की झालं. फ्रीझियनची हातभर लांब आणि दाट. काका बोटांनी एकेक बट कॉलरखालून ओढून काढायचे, मग तळहात आत घालून चाचपायचे. पंधरा मिनिटं, कधी वीस. "एक केस दुमडून राहिला," म्हणायचे, "तर दिवसभरात करवत होतो."

मला हे तोंडपाठ होतं.

तो दिवस एका मोठ्या दुकानातल्या उद्घाटनाचा; घोडे आणि बग्गी आम्ही ट्रकने तिथे नेली होती. ऐन उन्हाळा. दुकानात भारतीय चहाचा नवा विभाग निघाला होता आणि मॅनेजरला बग्गीवर 'महाराजा' हवा होता. जरीचा फेटा, चिकटवायच्या मिशा, सगळं त्याने खोक्यात भरून ठेवलेलं. काका ते खोकं बघून म्हणाले, "आमच्याकडं डोक्याला बांधतात ते ऊन लागू नये म्हणून. चहा खपावा म्हणून नाही." मॅनेजर त्यांना ऑफिसात घेऊन गेला. जाताना काका मला म्हणाले, "ह्याला समजावून येतो. तू दोघांना जुंप. सावकाश."

थोरल्यांची आयाळ मी नीट सोडवली. मग धाकट्यांकडे वळले आणि घड्याळ बघितलं. माझ्या पिशवीत तीनशे पत्रकं होती. त्या दुकानाने युनियनमध्ये गेलेल्या चार बायकांना कामावरून काढलं होतं, आणि दारं उघडण्याआधीच रांगेतल्या लोकांच्या हातात ती पत्रकं पडायला हवी होती. मी कॉलर घातली, फिरवली, वरवर एक हात मारला आणि धावले.

पत्रकं सगळी वाटली गेली. काढलेल्यांपैकी दोन बायका माझ्याशी हात मिळवून रडल्या. काका फेट्याविना, आपल्या साध्या काळ्या टोपीत बग्गीवर चढले, आणि दिवसभर त्या उन्हात कार पार्कभोवती मुलांना फेऱ्या मारून आणत राहिले. मी शेजारी बसून होते, खूष होते.

संध्याकाळी यार्डात कॉलर काढली. मान जिथे पाठीला मिळते तिथे तळहाताएवढं कातडं सोलून निघालं होतं. त्या रक्तात आयाळीची जाड बट वळून रुतलेली. धाकटे हलले नाहीत. काकांनी मिठाच्या कोमट पाण्याने ती बट एकेक केस करून सोडवली. माझ्याकडे बघितलंदेखील नाही. मालक आला, वाकून बघितलं, शिवी हासडली.

"कॉलर कोणी घातली?"

माझ्या हातात ब्रश होता. मला आजही त्याची मूठ आठवते, लाकडी, एका बाजूला तडकलेली.

"मी," काका म्हणाले.

मला वाटलं, मालक शांत झाला की सांगू. मग वाटलं, चहा झाल्यावर. मग पुढच्या शनिवारी. भीती कसली होती? यार्डात येणं बंद होईल याची थोडी. पण खरी भीती वेगळीच होती. घोड्यांच्या छळाबद्दल लिहिणारी मुलगी मी. ती मुलगी खोटी ठरली असती.

जखम भरली. पण काळ्या घोड्याची जखम भरली की तिथे केस पांढरे उगवतात, आणि ते जन्मभर पांढरेच राहतात. शरद ऋतूपर्यंत धाकट्यांच्या मानेवर पांढरा ठिपका दिसायला लागला. अर्धा कॉलरखाली झाकायचा, अर्धा बाहेर. लग्नात कुणाच्या लक्षात येत नसे. पण अंत्ययात्रेला माणसं काळ्या जोडीचे पैसे मोजतात. मालकाने माणसांच्या केसांना लावायच्या काळ्या रंगाची बाटली आणली.

काकांनी ती हातात घेतली नाही. "ते कातडं अजून कोवळं आहे. रंग लावला, वर कॉलर आली, घाम आला की आग होणार."

"मग दिसू दे लोकांना, असं म्हणतोस?"

"दिसू दे. चूक आपली आहे, त्यांनी का लपवायची?"

'आपली' म्हणाले. मी तिथेच खरारा करत होते.

दोन-तीन महिने हे असंच चाललं. नोव्हेंबरात एका बाजारवाल्याची मोठी अंत्ययात्रा आली, फुलांच्या चार गाड्या आणि मागे सगळा बाजार. काका कपडे बदलायला गेले तेव्हा मालकाने स्वतःच रंग फासला. आम्ही निघालो. पावसाची बारीक भुरभुर होती. दफनभूमीचं फाटक दिसायला लागलं तेव्हा धाकटे मान झटकायला लागले. मग मागे सरकले, थोरले गोंधळले, बग्गी तिरकी झाली. धाकट्यांनी लाथ झाडली आणि शवबग्गीची पुढची काच तडकली. मागून बायकांचा आरडाओरडा.

काका खाली उतरले. कॉलरच्या कडेला हात लावला आणि करडा हातमोजा काळा झालेला बघितला. मला म्हणाले, "लगाम तू धर, सैल." आणि टोपी काढून दोन्ही घोड्यांच्या डोक्यांमध्ये उभे राहून, धाकट्यांच्या मानेखाली हात घालून, कॉलर जखमेवरून वर उचलून धरून चालायला लागले. उरलेला सगळा रस्ता असे चालले. पावसात, उघड्या डोक्याने. हाताला किती भार येत होता ते त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. मेलेल्याची बायको नंतर येऊन म्हणाली, "तुम्ही चालत आणलंत त्याला. असं कुणी केलं नसतं." तिला वाटलं, तिच्या नवऱ्याच्या मानासाठीच ते चालले.

त्याच संध्याकाळी मालकाने काकांना काढलं. कारण दिलं, यांनी निष्काळजीपणे घोडा बिघडवला, आता तो लाथा मारतो. धाकट्यांना एका दलालाच्या हाती ग्लासगोला विकलं, 'लाथाळ' असा शेरा मारून. थोरले चार दिवस फाटकाकडे तोंड करून उभे होते. मला हे माहीत आहे कारण मी काकांचं सामान आणायला गेले होते.

आणि मग मी काय केलं? पत्रक लिहिलं. दोनशे प्रती. 'वर्षानुवर्षं राबलेल्या कामगाराला एका दिवसात रस्त्यावर काढलं.' मालकाच्या लोभाबद्दल, त्या रंगाच्या बाटलीबद्दल, मंडळातल्या कागदी प्लेटबद्दलही. मंडळात वाटलं, लायब्ररीत ठेवलं. लोकांनी पाठ थोपटली. आईने फ्रिजवर लावलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

काका पुन्हा हॉस्पिटलात पोर्टर झाले. साठीला आलेला माणूस, पुन्हा ट्रॉली. दीड वर्ष मी त्यांना टाळलं. मग एकदा वडिलांना डबा द्यायला गेले तर तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये ते समोरूनच आले. ट्रॉलीवर एक म्हातारी होती, तिला एक्स-रेला नेत होते. मी ट्रॉलीबरोबर चालायला लागले आणि चालता चालता सगळं बोलले. दुकान, पत्रकं, आयाळ. म्हातारीला मराठी कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

काका थांबले नाहीत. "मला कशाला सांगतेस? मला त्याच दिवशी माहीत होतं. थोरल्यांची बट सुटलेली, धाकट्यांची अडकलेली. मी असतो तर दोन्ही सुटल्या असत्या."

"मग तुम्ही का नाही—"

"तू बोलशील म्हणून थांबलो." लिफ्ट आली. त्यांनी ट्रॉली आत घेतली, चाकं सरळ केली. "तुझं पत्रक वाचलं. चांगलं होतं. त्यात एक नाव राहिलं."

"काका, मला माफ करा."

"मी काय माफ करू? माझं काय गेलं, एक नोकरी. ते तिकडे लाथाळ म्हणून हातोहात फिरत असतील. लाथाळ घोड्याच्या तोंडात लगामाची कसली कडक, टोचणारी सळई घालतात माहितेय तुला? चूक कुणाची ते ज्याला माहीत नाही त्याला जाऊन सांग. जा."

दार बंद झालं. त्यांनी मला माफ केलं, असं या लेखात मला लिहिता येणार नाही. नंतर ते मला दोनदा भेटले, हवापाण्याचं बोलले, आईची चौकशी केली. एवढंच.

मी मालकाकडे गेले. यार्ड विकलं गेलं होतं, तिथे गोदाम उभं होतं. ग्लासगोला गेले. दलाल सापडला. म्हणाला, तो काळा? त्याला ठेवला नाही कुणीच. लग्नाच्या बग्ग्या चालवणाऱ्या एकाला दिला, त्याने जाहिरातीवाल्याला दिला, पुढचं ठाऊक नाही. "वाईट घोडा होता," म्हणाला. मी म्हटलं, नाही, वाईट नव्हता. तो म्हणाला, कागदावर तसं लिहिलंय. मी रात्रीच्या गाडीने परत आले.

या फेब्रुवारीत काका त्याच हॉस्पिटलात न्युमोनियाने गेले. स्मशानात आम्ही सहाजण होतो. नेहमीची काळी मोटार आली, दहा मिनिटांत सगळं उरकलं. मंडळाने पुष्पचक्र पाठवलं होतं, त्यावरचं नाव चुकलं होतं. मी तिथे चार शब्द बोलावेत असं सगळ्यांना वाटत होतं, मला बोलता येतं म्हणून. मी बोलले नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. हा अंक ग्लासगोला जातो, नॉटिंगहॅमला जातो, जिथे जिथे आपली माणसं हॉस्पिटलांत आणि शाळांत कामाला आहेत तिथे जातो. तुमच्याकडे लग्नाला, दुकानाच्या उद्घाटनाला, कुणाच्या शेवटच्या प्रवासाला काळ्या घोड्याची बग्गी आली, तर फोटो काढायच्या आधी हाकणाऱ्याची परवानगी घ्या आणि आयाळ बाजूला करून बघा. मान पाठीला मिळते तिथे. तळहाताएवढे पांढरे केस दिसले, तर हाकणाऱ्याला सांगा की हा घोडा लाथा मारत नाही. त्याला कॉलरखाली दुखलं होतं आणि ते दुखणं ज्या मुलीने घाई करून दिलं तिचं नाव या लेखावर छापलेलं आहे. ते नाव मोठ्याने सांगा. मग त्याच्या तोंडातली सळई बघायला मागा, आणि कडक असली तर ती बदलल्याशिवाय तिथून हलू नका.